पूरग्रस्तांसाठी वस्तू विकताय? आधी एका नगामागचे रुपये सांगा



कुठे पूर आला, दरड कोसळली की आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज सुरू होतात. ‘हाताने बनवलेल्या पिशव्या, फक्त २०० रुपये. सर्व रक्कम पूरग्रस्तांसाठी.’ सोबत फोटो आणि हात जोडलेले इमोजी. आपल्या वर्गातल्या बऱ्याच ताई हे करतात, मनापासून करतात. पण माझं मत स्पष्ट आहे: मदतीसाठी केलेली विक्री ही सुद्धा विक्रीच असते. तिला नेहमीच्या धंद्यापेक्षा जास्त चोख हिशेब लागतो, कारण इथे गिऱ्हाईक वस्तू बघून पैसे देत नाही, तुमच्या शब्दावर देतं.

‘सर्व रक्कम’ म्हणजे नक्की किती?

बीबीएला आम्हाला कॉस्टिंगचा पेपर होता. तेव्हा कंटाळा यायचा, आता रोज दुकानात तोच कामाला येतो. चला, ती २०० रुपयांची पिशवी घेऊ. उदाहरणासाठी आकडे धरते. कापड, अस्तर, दोरा मिळून ८० रुपये. शिवणाऱ्या ताईची मजुरी ६० रुपये. पॅकिंग आणि ने-आण २५ रुपये. उरले ३५.

म्हणजे १०० पिशव्या विकल्या तर २०,००० रुपये जमा झालेले दिसतील, आणि मदतीला जातील ३,५०० रुपये. यात काही गैर नाही. गैर हे की मेसेजमध्ये ‘सर्व रक्कम’ लिहिलंय. मग कापडाचे पैसे कोणी दिले? दुकानदाराची उधारी कोण फेडणार?

यावर उत्तर येतं, ‘अहो मॅडम, आमच्या बायकांनी मजुरी घेतलीच नाही.’ छान. मग त्या १०० पिशव्यांमागचे ६,००० रुपये त्या बायकांची देणगी झाली. तसं लिहा की! अनेकदा होतं काय, की चेक देताना फोटोत गटाच्या अध्यक्षा, सोसायटीचे सेक्रेटरी, एखादे नगरसेवक असतात, आणि रात्री जागून शिवणारी ताई कुठेच नसते. तिला कोणी विचारलेलंही नसतं की मजुरी सोडायला तुला परवडतंय का. चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प बसते. दुसऱ्याचं घर उभं करायला आपल्याच गटातल्या बाईची चूल गैरसोयीत टाकायची, हे मला पटत नाही. मजुरी आधी देऊन टाका. तिला त्यातून द्यायचं असेल तर ती स्वतःच्या हाताने देईल.

चेकुट्टीकडून काय शिकायचं?

या विषयावर मी वर्गात नेहमी केरळचं उदाहरण देते. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे महापूर आला. एर्नाकुलम जिल्ह्यातलं चेंदमंगलम हे हातमागाचं जुनं गाव. ओणम होता २५ ऑगस्टला. म्हणजे वर्षाच्या सगळ्यात मोठ्या सीझनचा माल तयार होऊन पडला होता, आणि त्याच वेळी पाणी शिरलं. माग बिघडले, साड्या चिखलात माखल्या. असा माल कोण घेणार? जाळून टाकायची वेळ आली होती.

लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल या दोघांनी तो डागाळलेला कपडा वाया जाऊ दिला नाही. तो निर्जंतुक करून, धुऊन त्याच्या छोट्या बाहुल्या केल्या. नाव ठेवलं चेकुट्टी. ‘चेरू’ म्हणजे चिखल आणि ‘कुट्टी’ म्हणजे लेकरू. बाहुली २५ रुपयांना. साधारण १३०० रुपयांच्या एका साडीतून ३६० बाहुल्या निघत. करा हिशेब: ३६० गुणिले २५, म्हणजे ९,००० रुपये. बाहुल्या बांधायला ठिकठिकाणचे स्वयंसेवक बसले, आणि पैसा विणकरांसाठी गेला.

धंद्याच्या नजरेने बघा. कच्चा माल बाहेरून विकत आणलेला नाही, नुकसान झालेल्यांचाच माल आहे. किंमत इतकी लहान की कॉलेजची मुलंही घेतील. बाहुलीवरचा डाग लपवलेला नाही, उलट तोच तिची ओळख आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसा कोणाकडे जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. ‘पूरग्रस्तांना’ असं मोघम नाही, या गावाच्या विणकरांना.

आपल्याकडे सुद्धा हेच घडतं

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आठवा. गणपती महिन्यावर आलेले आणि मूर्तिकारांच्या घरात, कारखान्यात पाणी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. सीझनच्या तोंडावर माल गेला की कारागिराचं फक्त घर भिजत नाही, त्याचं अख्ख्या वर्षाचं भांडवल जातं. धान्य, चादरी, बिस्किटं पहिल्या पंधरा दिवसांत भरपूर पोचतात. भांडवल मात्र कोणी पोचवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: पुण्यात बसून आपण शंभर पिशव्या शिवून त्यांच्या नावाने विकण्यापेक्षा, त्यांचा माल आपल्या काउंटरवर ठेवून विकणं जास्त मोलाचं. तेही एकदा नाही, पुढची दोन-तीन वर्षं. कच्छचं बघा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातल्या पाण्यावर परिणाम झाला, आणि अजरख छपाईला तर पाणीच मुख्य लागतं. मग तिथल्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. गाव वसवलं तरी ते टिकलं कशावर? माल घेणारं गिऱ्हाईक मिळत राहिलं त्यावर.

कोणी म्हणेल, ‘एवढी कटकट कशाला? सरळ ३५ रुपये दान करा की!’ बरोबर आहे. तुमच्याच ओळखीचे शंभर लोक असतील आणि ते तसेही देणार असतील, तर वस्तू बनवूच नका. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा क्यूआर कोड पाठवा, विषय संपला. विक्रीचा खटाटोप तेव्हाच करा, जेव्हा त्यातून कारागिराला काम मिळतंय, किंवा एरवी न देणारा माणूस वस्तूच्या निमित्ताने देतोय.

करायचंच ठरवलं, तर एवढं पाळा

१. मेसेजमध्ये ‘सर्व रक्कम’, ‘काही भाग’ असे शब्द नकोत. ‘प्रत्येक पिशवीमागे ३५ रुपये’ असं लिहा.
२. पैसे कोणाला जाणार, कोणत्या तारखेला जाणार, हे विक्रीआधी जाहीर करा.
३. आधी ऑर्डर घ्या, मग बनवा. लोकांचं लक्ष दोन-तीन आठवडेच टिकतं. नंतर पडून राहिलेला माल म्हणजे तुमचंच नुकसान.
४. या विक्रीचं क्यूआर आणि वही वेगळी ठेवा. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळू नका.
५. गिऱ्हाइकाला ‘८०जी ची पावती मिळेल’ असं सांगू नका. त्याने वस्तू विकत घेतली आहे, देणगी दिलेली नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर मदतीची विक्री म्हणून कर माफ होत नाही, तोही किमतीत धरा.
६. शेवटी जमा, खर्च आणि दिलेली रक्कम अशा तीन ओळींचा हिशेब त्याच ग्रुपवर टाका, जिथे पहिला मेसेज टाकला होता. आकडा लहान असला तरी टाका.

सहावा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. ३,५०० रुपये सांगायची लाज वाटते. कशाला वाटावी? खरे ३,५०० रुपये सांगणाऱ्या बाईकडून लोक पुढच्या वेळी डोळे झाकून खरेदी करतात. आणि पुढच्या वेळी कुठे पूर आला, तर तिचाच मेसेज पुढे पाठवतात.

तुमच्या गटाचा असा हिशेब मांडायचा असेल तर आज रात्रीच एका नगाची किंमत कागदावर लिहून बघा. मजुरीची ओळ मात्र विसरू नका.