सुटीतील बेचाळीस रात्री

बेंगळूरचा उन्हाळा नागपूर-जळगावच्या उन्हाळ्याइतका निष्ठुर नाही. सुमारे ९०० मीटर उंचीवरील ह्या शहरात एप्रिलची दुपार चांगलीच तापते खरी. पण एखाद्या सायंकाळी वळवाची सर येऊन जाते आणि रात्र सुखाची होते. मल्लेश्वरममधील मराठी घरांनी ह्या रात्रींचा उपयोग मुलांसह मराठी वाचनासाठी करावा, असे आम्हांस वाटते.

परप्रांतातील मराठी घराची अडचण निराळी असते. मूल मराठी बोलते, पण शाळेत शिकते ते इंग्रजी, कन्नड आणि बहुधा हिंदी. हिंदीमुळे देवनागरी अक्षरे ओळखीची असली, तरी मराठी पान समोर येताच ते अडखळते. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ ह्यांतील ‘च’ लिहायचा एकसारखा, उच्चारायचा मात्र वेगळा. हा भेद कानच शिकवतो. (‘ळ’ त्याला जड जात नाही, कारण कन्नडात तो आहेच.) म्हणून वडीलधाऱ्यांनी मोठ्याने वाचावे आणि मुलाने ओळीवर बोट ठेवून ऐकावे. शाळा सुरू असता ह्याला सवड मिळत नाही. अशा चार-पाच सुट्या निसटल्या, की आजीची पाककृतींची वही नातीच्या हाती येते, पण तिला ती वाचता येत नाही.

आरंभ कोणत्या पुस्तकाने करावा? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचनाच ह्या कामास सोयीची आहे. तिच्यातील प्रकरणे म्हणजे एकेक रात्र. श्यामने सोबत्यांना सांगितलेली एकेक गोष्ट. अशा बेचाळीस रात्री, म्हणजे नेमके सहा आठवडे. शाळेची सुटीही साधारण तेवढीच! कोकणातील काही शब्द थांबून समजावून सांगावे लागतील. आईचे सारेच वागणे आजच्या मुलांना पटेल असेही नाही. त्यांनी खुशाल वाद घालावा. वादही मराठीतच होईल.

दुपारचे वाचन मात्र मुलांच्या मर्जीवर सोडावे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन ह्या अभ्यासकांनी गरीब घरांतील मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे प्रत्येकी बारा पुस्तके दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे ती मुले वाचनात इतरांहून पुढे गेली. तेव्हा चित्रकथा असो वा क्रिकेटपटूचे चरित्र, कोणत्याही भाषेतील असो, नाक मुरडू नये.

मोठ्यांनीही आपल्यासाठी एक पुस्तक काढून ठेवावे. विजापूरकरांनी १६३८ साली बेंगळूर घेतल्यावर शहाजीराजे येथे राहू लागले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये ह्या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाड्यांनी संपादिले आहे. मूळ काव्य बहुतांशी संस्कृत आहे. ते कठीण वाटल्यास राजवाड्यांची विस्तृत मराठी प्रस्तावना तरी वाचावी. राजवाड्यांची सगळीच मते आज मान्य होत नाहीत, पण त्यांच्या लेखणीचा आवेश झोप उडवणारा आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे ह्यांनी काडु मल्लेश्वराच्या देवळास दिलेल्या दानाची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. ते देऊळ मल्लेश्वरममध्येच आहे. प्रस्तावना वाचून झाली, की मुलांना घेऊन एखाद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, तेथवर पायी जाऊन यावे.