ती भाऊबंदकी नव्हती

अमेरिकेतल्या कॅन्सस आणि मिझुरी या राज्यांच्या सीमेवर १८५४ ते १८६५ या काळात जे घडले, त्याची एक लोकप्रिय गोष्ट आहे. दोन शेजारी बांधावरून भांडले, एकाने दुसऱ्याचे घर जाळले, दुसऱ्याने त्याचे गाव जाळले. सूडामागून सूड आला, आणि अखेर दोघेही एकाच माळेचे मणी ठरले. ही गोष्ट कुणालाच दुखवत नाही, म्हणून ती टिकली. मला ती मान्य नाही. यादवीच्या काळातल्या या सीमेला भाऊबंदकी म्हणणे ही साधी चूक नाही, तो अन्याय आहे.

पण पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. सप्टेंबर १८६१मध्ये कॅन्ससचा सिनेटर जेम्स लेन याच्या फौजेने मिझुरीतले ओसिओला हे गाव लुटून जाळले आणि नावापुरती चौकशी करून नऊ जणांना गोळ्या घातल्या. २१ ऑगस्ट १८६३ रोजी विल्यम क्वांट्रिलच्या टोळीने कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहरात दीडशेहून अधिक पुरुष आणि पोरगे मारले. बहुतेक निःशस्त्र होते. चारच दिवसांनी संघराज्याच्या सैन्यातले जनरल थॉमस युइंग यांनी ११ क्रमांकाचा हुकूम काढला. जॅक्सन, कॅस, बेट्स हे तीन परगणे आणि व्हर्ननचा उत्तर भाग पंधरा दिवसांत रिकामा करायचा. लष्करी ठाण्यांजवळची थोडी वस्ती तेवढी वगळलेली. निष्ठावंत असो वा बंडखोर, घर सोडायचेच. मागे उरलेली घरे आणि गंज्या पेटल्या, आणि पुढे कित्येक वर्षे त्या मुलखाला ‘जळका मुलूख’ हेच नाव राहिले. चित्रकार जॉर्ज केलेब बिंगहॅम स्वतः संघराज्याचा पक्का पाठीराखा होता. तरीही त्याने या हुकमावर संतापून मोठे चित्र रंगवले. पूर्वपक्षाचा आणखी एक मुद्दा सर्वांत टोकदार आहे. कॅन्ससचे ‘मुक्त राज्य’वाले, म्हणजे तिथे गुलामगिरी नको म्हणणारे, काही संत नव्हते. १८५५च्या टोपीका राज्यघटनेच्या वेळी त्यांनी मोठ्या बहुमताने ठरवले होते, की स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही आपल्या राज्यात येऊ द्यायचे नाही. त्यांतल्या अनेकांना गुलामगिरीची चीड नव्हती. गोऱ्या शेतकऱ्यासाठी मोकळी जमीन हवी होती.

हे सगळे खरे आहे आणि मी त्यातले काहीही पुसत नाही. ओसिओला हा गुन्हाच होता.

तरीही निष्कर्ष चुकतो, कारण गोष्ट जिथून सुरू करायला हवी तिथून कुणी सुरूच करत नाही. ओसिओलापासून सुरुवात केली, तर सूडच दिसणार. सुरुवात ३० मे १८५४ची आहे. त्या दिवशी कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला. १८२०च्या तडजोडीने एका ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. ती उठली आणि प्रश्न स्थायिकांच्या मतांवर सोडला गेला. मार्च १८५५च्या निवडणुकीआधीच्या खानेसुमारीत कॅन्सस प्रदेशात मतदार होते २,९०५. मते पडली सहा हजारांवर. जास्तीचे मतदार मिझुरीहून हत्यारे घेऊन सीमा ओलांडून आले होते, आणि त्यांना चिथावणाऱ्यांत मिझुरीचा माजी सिनेटर डेव्हिड अ‍ॅचिसन अग्रभागी होता. अशा निवडणुकीतून आलेल्या विधिमंडळाने कायदे काय केले, हे पाहावे. गुलामांच्या उठावाला मदत केली तर मृत्युदंड. या प्रदेशात गुलाम बाळगण्याचा हक्क नाही असे नुसते बोलले वा छापले, तरी सक्तमजुरी. भांडण जमिनीच्या बांधाचे असते, तर असे कायदे कशाला लागले असते? लोक कशासाठी लढत होते, हे त्यांनी स्वतः कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले आहे.

मग मिझुरीच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलसारख्या गनिमांचा प्रश्न. ते आपली घरेदारे राखत होते, असे सांगितले जाते. क्वांट्रिल मूळचा ओहायोचा. तो कॅन्ससमध्ये शाळामास्तर होता, लॉरेन्सच्या आसपासच वावरला होता. मिझुरीत त्याचे राखायचे असे कोणते घर होते? दुसरा गनीम जेसी जेम्स मात्र खरोखर मिझुरीचा, आणि त्याच्या घरी गुलाम होते. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना शूर, दुखावलेले, न्यायी बंडखोर हे रूप युद्धानंतर जॉन न्यूमन एडवर्ड्स या पत्रकाराने दिले. तो स्वतः दक्षिणेच्या फौजेत लढलेला होता. पुढे त्याच रूपाची कादंबऱ्या आणि सिनेमांनी री ओढली.

पण माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. ‘दोन्ही बाजू’ म्हणताना मोजतो कुणाला? १८६०मध्ये मिझुरीत सुमारे १,१५,००० माणसे गुलाम होती. ती कोणत्या बाजूत धरायची? भाऊबंदकीच्या गोष्टीत त्यांना जागाच नाही. बिंगहॅमच्या चित्रात काळी माणसे आहेत, पण मालकाच्या घरावर आलेल्या संकटाने शोक करणारी. आपल्या सुटकेसाठी पळणारी एकही नाही. प्रत्यक्षात काय झाले? १८६०मध्ये कॅन्ससमधले कृष्णवर्णीय जेमतेम सव्वासहाशे होते; १८७०मध्ये ते सतरा हजारांवर गेले. यांतले बरेचसे मिझुरीतून, युद्ध चालू असतानाच, रात्रीबेरात्री पोरेबाळे घेऊन सीमा ओलांडून आले. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा मिझुरीला लागूच नव्हता, कारण ते राज्य संघराज्यातून फुटले नव्हते. या माणसांना कुणी मुक्ती हातात आणून दिली नाही. त्यांनी ती चालत जाऊन घेतली. ज्या कॅन्ससने त्यांना बंदी घालायचे ठरवले होते, तेच कॅन्सस त्यांच्या येण्याने बदलले. टोपीकावाल्यांच्या मतांना खरे उत्तर याच लोकांनी दिले.

त्यांनी बंदूकही धरली. ऑगस्ट १८६२मध्ये लेनने वॉशिंग्टनची परवानगी नसताना कृष्णवर्णीयांची पलटण भरती केली. हा तोच ओसिओला जाळणारा लेन. इतिहास माणसांची सोयीस्कर वाटणी करून देत नाही. २९ ऑक्टोबरला बेट्स परगण्यात आयलंड माउंड येथे या पलटणीने एका शेतकऱ्याच्या घराभोवती आडोसा उभारून त्याला ‘फोर्ट आफ्रिका’ नाव दिले होते. गनिमांशी उघड्या गवताळ रानात लढाई झाली, पलटणीचे आठ जण पडले, गनीम हटले. या यादवीत कृष्णवर्णीय पलटणीने लढलेली ही पहिली लढाई. परगणा बेट्स, म्हणजे दहा महिन्यांनी युइंगने रिकामा केलेला तोच. त्याच मातीतले गोऱ्यांचे विस्थापन चित्रात अजरामर झाले आणि हे आठ जण तळटीपेत गेले.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचे मर्म कळले होते. आज मात्र ‘दोघेही सारखेच’ म्हणण्याला आपण समतोल म्हणतो.

याच सीमेवर गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउनबद्दल बोलताना लोक १८५६मध्ये पोटावाटोमी ओढ्याकाठी त्याच्या माणसांनी मारलेल्या पाच जणांवर थांबतात. थांबू नये. डिसेंबर १८५८मध्ये जिम डॅनियल्स नावाचा गुलाम झाडू विकण्याच्या निमित्ताने मिझुरीतून सीमेपार आला आणि आपल्या कुटुंबाची लवकरच विक्री होणार असल्याचे त्याने ब्राउनच्या माणसांना सांगितले. पहिले पाऊल त्याचे होते. ब्राउनने छापा घातला. त्यात एक गुलाममालक मारला गेला, हेही लिहिले पाहिजे. सुटलेली माणसे अकरा. भर हिवाळ्यात ती कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, शिकागो, डेट्रॉइट अशी निघाली. वाटेत एका बाईला मूल झाले. १२ मार्च १८५९ रोजी नदी ओलांडून ती कॅनडात उतरली, तेव्हा ती बारा होती.