साठ दिवसांची रजा आणि सहा महिन्यांचं दूध



जानेवारी २०१४ मधली एक बातमी जुन्या दुबईकरांना आठवत असेल. बालहक्क कायद्याच्या मसुद्यावर फेडरल नॅशनल कौन्सिलमध्ये चर्चा झाली आणि आईने बाळाला दोन वर्षं अंगावर पाजणं बंधनकारक असावं, असं कलम मंजूर झालं. लगेच उलटसुलट मतं आली. ज्या आईला दूधच येत नाही तिने काय करायचं? नोकरी करणारीने काय करायचं? पुढे २०१६ मध्ये 'वदीमा कायदा' म्हणून ओळखला जाणारा बालहक्क कायदा आला, त्यात ही सक्ती राहिली नाही. ते बरंच झालं. पण त्या निमित्ताने निघालेला खरा प्रश्न तसाच राहिला. आईला दूध पाजायला वेळ कोण देणार?

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सर्वांना पाठ आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाजत राहावं. सहा महिने म्हणजे साधारण १८० दिवस.

आता इथला कायदा पाहू. १९८० च्या कामगार कायद्यात खाजगी नोकरीतल्या बाईला, एक वर्ष नोकरी झाली असेल तर, ४५ दिवसांची भरपगारी रजा होती. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने (२०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा) ती ६० दिवस केली. त्यात ४५ दिवस पूर्ण पगार आणि १५ दिवस अर्धा पगार. वडिलांनाही, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत वापरता येईल अशी, पाच कामाच्या दिवसांची पगारी रजा मिळते. या झाल्या चांगल्या गोष्टी.

पण एक बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. जुन्या कायद्यात दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळायचा, आणि तोही बाळ १८ महिन्यांचं होईपर्यंत. नव्या कायद्यात रोजचा एक तास कायम आहे, पण मुदत बाळंतपणापासून सहा महिने झाली. म्हणजे रजा पंधरा दिवसांनी वाढली आणि पाजण्याच्या तासाची सवलत एक वर्षाने कमी झाली! रजा संपवून कामावर येईपर्यंत दोन महिने गेलेले असतात, त्यामुळे हा तास प्रत्यक्षात चारेक महिनेच मिळतो.

शेजारी काय चाललंय तेही बघा. ओमानने २०२३ मध्ये प्रसूती रजा ९८ दिवसांची केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारातही किमान १४ आठवडे, म्हणजे ९८ दिवसच आहेत. सौदी अरेबियाने २०२५ मध्ये १० आठवड्यांवरून १२ आठवडे केले. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळू लागले. पुण्यातल्या मैत्रिणीचं बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर ती कामावर जाते, आणि तेच काम करणारी इथली मैत्रीण दोन महिन्यांत. हा फरक नोकरी स्वीकारताना कोणी सांगत नाही.

तास मिळतो, पण घर लांब

शारजात राहून दुबईत नोकरी करणारी कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. त्या रस्त्याची गर्दी मी तुम्हाला काय सांगू! एका तासात घरी जाऊन, बाळाला पाजून परत येणं निव्वळ अशक्य. त्यामुळे या तासाचा खरा उपयोग म्हणजे ऑफिसमध्येच पंपाने दूध काढून ठेवणं. त्यासाठी दार लावता येईल अशी खोली, एक खुर्ची आणि फ्रीज एवढंच लागतं. पण अनेकींना त्यासाठी टॉयलेटमध्ये बसावं लागतं, आणि लाजेपोटी त्या मागणीच करत नाहीत. थोड्या दिवसांनी पंप बंद, मग दूध कमी, आणि मग 'हिला दूधच पुरत नाही' असा शिक्का बसतो. दूध मागणीप्रमाणे तयार होतं. काढलं नाही तर आटतं. दोष आईचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

काढलेलं दूध 'शिळं' होतं, अशी घरातल्या मोठ्यांची समजूत असते. स्वच्छ भांड्यात काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस चालतं. मात्र आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते गाडीत ठेवून चालणार नाही. बर्फाची थैली असलेली छोटी कूलर बॅग हवीच.

सव्वा महिना आणि व्हिसा

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना घरच्या बायका सांभाळतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, मालिश, आणि मुख्य म्हणजे रात्री बाळाला घ्यायला दुसरे हात. इथे ते हात व्हिजिट व्हिसावर येतात आणि मुदत संपली की परत जातात. बहुतेकदा आई किंवा सासूबाई निघतात तेव्हाच सुनेची रजाही संपत आलेली असते. बंद फ्लॅट, नवऱ्याची ड्युटी, रडणारं बाळ. बाळंतपणानंतरचं नैराश्य अशा एकटेपणात वाढतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी जात नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर 'सवय होईल' म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

आजींच्या अनुभवाला तोड नाही, पण काही गोष्टी आता बदलायला हव्यात. मध चाटवू नका, वर्षाच्या आत त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं. बंद एसी फ्लॅटमध्ये कोळशाची धुरी धोक्याची. आणि 'इथे एवढा उन्हाळा, थोडं पाणी पाजा' हेही नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं.

हे मात्र लक्षात ठेवा

पहिल्या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल तर दूध पोचतंय असं समजावं. कावीळ पुष्कळ बाळांना होते, पण पहिल्या २४ तासांत दिसली, किंवा बाळ सुस्त होऊन पीत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तरीही तेच. आणि एवढ्या उन्हाच्या देशात आपण सगळे एसीत बसतो, त्यामुळे 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता इथे सर्रास आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

कागदपत्रांचंही विसरू नका. दुबईत बाळाला पहिले ३० दिवस आईच्या विम्याचं संरक्षण असतं. त्याआधी बाळाचा वेगळा विमा करायला हवा. जन्मदाखला, पासपोर्ट आणि रेसिडेन्स व्हिसाचं काम १२० दिवसांच्या आत पुरं करायचं असतं.

मग करायचं काय?

आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. परक्या बाळाला दूध देणाऱ्या आया मुंबईत निघाल्या. इथे तसं होणं कठीण आहे, कारण इस्लाममध्ये एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं मानली जातात आणि त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही. त्या भावनेचा मान राखायलाच हवा. पण दूध देता आलं नाही तरी वेळ आपण देऊ शकतो.

गरोदरपणातच एचआरला लेखी विचारा, की रोजचा तास कसा घ्यायचा आणि बसायला जागा कुठे. साठ दिवसांना वार्षिक रजा जोडता येते का तेही आधीच ठरवा. नवऱ्यांनो, तुमचे पाच दिवस पहिल्याच आठवड्यात संपवू नका. दोन-तीन दिवस बायको कामावर रुजू होते त्या आठवड्यासाठी ठेवा. आणि आपल्या मंडळातल्या काकू-मावशींनो, बारशाला चांदीची वाटी जरूर द्या, पण सासूबाई परत गेल्यावर आठवड्यातून दोन दिवस जेवणाचा डबा पोचवलात तर त्या मुलीला जास्त उपयोग होईल.

आणि ज्या आईला पावडरचं दूध द्यावं लागतं, तिला कृपया टोमणे मारू नका. तिने किती रात्री प्रयत्न केला असेल हे आपल्याला माहीत नसतं.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. साठ दिवस आणि सहा महिने यांच्यातले ते चार महिने भरून काढणं तोवर आपल्याच हातात आहे. आपले अनुभव जरूर कळवा.