परदेशातला सुई-दोरा

मस्कतच्या रुवी भागातल्या त्या इमारतीत आम्ही चौघी कोकणातल्या होतो. एक दापोलीची, एक श्रीवर्धनची, एक खेडची आणि एक राजापूरची. चौघीही पतीच्या व्हिसावर आलेल्या, म्हणजे राहण्याची मुभा, नोकरीची नाही. सकाळी साडेसहाला घरातली माणसे ड्यूटीवर जात, मुले शाळेच्या बसमध्ये चढत आणि आठ वाजता केरवारे उरकून आम्ही घड्याळाकडे पाहत बसायचो. गावी आठ वाजता दारात कुणी ना कुणी येतेच. इथे दार बंद, खिडकी बंद, सोबतीला एसीची घरघर. रिकामे मन सैतानाचे घर म्हणतात, ते आम्हाला त्या पहिल्या वर्षात चांगलेच समजले. कुणाची झोप वाढली, कुणाचे फोनवरचे रडणे वाढले, कुणाचा राग मुलांवर निघू लागला.

सुरुवात श्रीवर्धनच्या भाबींनी केली. निघताना अम्मीने त्यांच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचे दोन गुंडे घातले होते. ते सहा महिने कपाटात पडून होते. एका दुपारी त्यांनी ते काढले आणि टाके विसरल्याचे लक्षात आल्यावर खाली राजापूरच्या आपांकडे विचारायला आल्या. आपांनाही अर्धेच आठवत होते. अर्धे यांचे, अर्धे त्यांचे जोडून रुमालाची लेस झाली. त्या दिवसापासून जोहरची नमाज झाली की असरपर्यंत आमची बैठक ठरली. नियम दोनच: कुणाची गीबत नाही आणि चहाबरोबर बिस्किटाशिवाय काही करायचे नाही. नाहीतर विणकाम राहते बाजूला आणि भजी तळण्यातच दुपार जाते.

परक्या मुलखात पहिली अडचण येते ती सामानाची. आपल्याकडे अँकरच्या लडीचा नंबर सांगितला की दुकानदार काढून देतो. तिथे दुकानात डीएमसीचे दोरे होते. दोन्हींचे नंबर वेगळे. काळा रंग अँकरमध्ये 403, तर डीएमसीमध्ये 310. पहिल्यांदा आम्ही डोळ्यांनी रंग जुळवला आणि अर्ध्या गुलाबाची एक पाकळी वेगळीच दिसू लागली. तेव्हापासून प्रत्येक लडीचा कागदी पट्टा आम्ही वहीत चिकटवून ठेवतो. डीएमसी ही 1746 पासूनची फ्रान्सची कंपनी, आणि तिचा नंबर मस्कतला जो तोच मुंबईला. त्यामुळे सुट्टीत गावी गेले तरी काम अडत नाही. मॅटीचे कापड घेताना इंचात किती घरे आहेत ते विचारावे. 14 घरांच्या कापडावर 70 फुल्यांचे नक्षीकाम 5 इंच होते. चारही बाजूंनी 3-3 इंच जास्त धरून कापड कापावे. त्यावर सहापैकी दोन पदर दोरा आणि 24 नंबरची बोथट सुई पुरते. समुद्रकाठच्या दमट हवेत सुई कापडात तशीच टोचून ठेवू नये, गंजाचा डाग पडतो. रात्री रिंगही काढून ठेवावी, नाहीतर गोल वळ बसतो.

आमच्याच मजल्यावर पॅलेस्टाईनच्या एक शिक्षिका राहत. आमची मुले त्यांना ‘खालती’ म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या भिंतीवर काळ्या कापडावर लाल दोऱ्याचे भरतकाम होते. पाहतो तर आपल्याकडे मॅटीवर भरतात तोच फुलीचा टाका! त्याला त्या ‘ततरीज’ म्हणत. पूर्वी बाईच्या झब्ब्यावरची नक्षी पाहून ती कोणत्या भागातली हे ओळखता येई. 1948 मध्ये लाखो माणसांना घरेदारे सोडावी लागली. निर्वासितांच्या छावण्यांतही बायकांनी हे टाके सोडले नाहीत, लेकींना शिकवत राहिल्या. 2021 मध्ये युनेस्कोने या कलेची मानवतेच्या वारशात नोंद केली. एक उंच झाडाची नक्षी दाखवून त्या म्हणाल्या, हे ‘सरू’. आमच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाची आठवण झाली. झाड वेगळे, पण नाव कानाला ओळखीचे. गावापासून दूर असल्याचे आमचे दुःख त्या भिंतीसमोर फार लहान वाटले. आम्हाला दोन वर्षांनी तिकीट काढून घरी जाता येते. त्यांना जाता येत नव्हते.

दुसरा धडा घरमालकांच्या वृद्ध आईकडे मिळाला. ईदच्या भेटीला मत्रहला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या ‘कुम्मा’ शिवत होत्या. ओमानी पुरुषांची ही गोल भरतकामाची टोपी. कापडाच्या थरांतून बारीक भोक पाडायचे आणि त्याच्या कडेने दोऱ्याचे वेढे घेत, काज करतो तसे, ते पक्के करायचे. अशी शेकडो भोके. त्यांतून हवा खेळते, म्हणून डोक्याला उकाडा होत नाही आणि नक्षीही तीच. मशीनवरच्या टोप्या बाजारात स्वस्त मिळतात, पण हातची टोपी ओळखणारा लगेच ओळखतो. खेडच्या भाबींनी त्यांच्याकडे चिकाटीने जाऊन हे काम शिकून घेतले. अब्बांसाठी टोपी करायची असे त्यांनी ठरवले होते.

राजापूरच्या आपांनी जानमाजवर गुलाबांची जाळी भरायला घेतली होती. तेव्हा आमच्यातच चर्चा झाली. नक्षीदार चादरीमुळे नमाजेतले लक्ष विचलित झाले म्हणून प्रेषित (सल्ल.) यांनी ती परत पाठवून साधी चादर मागवल्याची हदीस आहे. आपांनी सजद्याची जागा कोरी ठेवली आणि फक्त काठ भरला. ती जानमाज आजही वापरात आहे.

प्रवासातही हातकाम सोबत नेता येते, पण विमानात कात्री हाताच्या पिशवीत ठेवू नये. एकदा विमानतळावर आमची चांगली कात्री काढून घेतली गेली. आता कात्री आणि लांब लोखंडी सुया मोठ्या बॅगेत जातात. हातात लाकडी क्रोशाची सुई आणि एकच गुंडा. नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून निघण्यापूर्वी विमान कंपनीला विचारून घ्यावे. उमऱ्याला बसने गेलो तेव्हा वाळवंटातल्या त्या लांबच लांब रस्त्यावर बोटे क्रोशावर आणि जीभ दरूदवर, असा प्रवास झाला.

काही भगिनी विचारतात, यातून चार पैसे मिळतील का? मिळू शकतात. हातच्या मेहनतीची कमाई उत्तमच; हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हातच्या कामावर गुजराण करीत. पण पतीच्या व्हिसावर असताना धंदा करायला त्या देशाची परवानगी लागते. ती घेतल्याशिवाय शेजारीपाजारी गुपचूप विक्री करू नये. चारशे रुपयांच्या रुमालापायी पतीची नोकरी धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. परवानगी मिळत नसेल तर टाके शिकत राहावे, हात तयार करावा. गावी परतल्यावर तोच हात कामाला येतो.

खेडच्या भाबींची टोपी तीन भाग पूर्ण झाली होती, तेव्हा पहाटे फोन आला. अब्बा गेले. मय्यत जोहरनंतर उचलणार होते. त्या दिवशीचे विमान पकडूनही पोहोचणे शक्य नव्हते. आम्ही तिघी त्यांच्याकडे बसून कुरआन वाचत राहिलो. टोपी डब्यात गेली आणि दोन महिने तो डबा कुणी उघडला नाही.

मग एका दुपारच्या बैठकीत हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचा विषय निघाला. तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब ती मला सर्वांत आधी येऊन भेटेल, असे प्रेषित (सल्ल.) आपल्या पत्नींना म्हणाले होते. त्या आपापले हात मोजू लागल्या. प्रेषितांनंतर सर्वांत आधी हजरत जैनब (रजि.) अल्लाहला प्याऱ्या झाल्या, तेव्हा अर्थ उमगला. त्या हाताने काम करीत आणि त्यातून मिळालेले दान करीत. हाताची लांबी म्हणजे देण्याची लांबी.

भाबी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या. उरलेला भाग भरायला त्यांना सव्वा महिना लागला. सुट्टीत गावी गेल्या तेव्हा अब्बा ज्या मदरशाला धान्य पाठवत, तिथल्या एका अनाथ मुलाचे हिफ्ज पूर्ण झाले होते. ती टोपी त्याच्या डोक्यावर गेली. थोडी मोठी झाली. मुलगा म्हणाला, मी वाढेन ना.

तेव्हा आयांनो आणि सासूबाईंनो, तुमची लेक किंवा सून परदेशी निघत असेल तर मसाला, कोकम, लोणचे यांच्या जोडीला एक सुई, दोन लड्या आणि तुमच्या हातचे एखादे अर्धे राहिलेले काम तिच्या बॅगेत टाका. वजन पावशेरही भरणार नाही. आणि घरातल्या पुरुषांनो, संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर ‘दिवसभर काय केलेस?’ असे विचारण्याआधी तिच्या हातातली रिंग एकदा उजेडात धरून पाहा.