खर्जाची तार

आमच्या घरात तंबोरा 35 वर्षे आहे. त्याची धूळ पुसण्यापलीकडे मी त्याला कधी हात लावला नव्हता. तो यजमानांचा. टेंभुर्णीच्या भजनी मंडळात ते गात आणि मी चहाचे पाहत असे. वयाच्या 68 व्या वर्षी मला तो मांडीवर घ्यावा लागला, कारण त्यांना तो जुळवता येईनासा झाला. विस्मरणाच्या आजाराने आधी माणसांची नावे नेली, मग वार नेले. एके सकाळी ते खुंटी हातात धरून तसेच बसून राहिले. पुढे महिनाभर तंबोरा गवसणीत राहिला आणि त्यांचे गाणेही थांबले.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा रुग्ण असेल, म्हणून हे सविस्तर लिहिते.

प्रथम मी मोबाइलवरचा तंबोरा लावून पाहिला. त्याचा सूर अगदी बिनचूक होता. परंतु यजमान खोलीभर पाहत आणि ‘कोण वाजवतंय?’ असे पुनःपुन्हा विचारत. वाजवणारा दिसेना, म्हणून ते अस्वस्थ होत. तेव्हा दिसेल असा वाजवणारा घरात हवा, हे उघड झाले. आणि घरात मी एकटीच होते.

तंबोऱ्याची जवारी बसली होती. भाच्याबरोबर तो कुर्डुवाडीहून रेल्वेने मिरजेला पाठवला. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारे भोपळे मिरजेला जातात आणि तेथे त्यांचे तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा आपल्या जिल्ह्याचा आणि नाव मिरजेचे, अशी आमच्या मंडळातल्या एका सद्गृहस्थांची तक्रार असते. मला ती पटत नाही. भोपळा पिकवणे आणि त्यातून सूर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. पहिली तार मधल्या बोटाने छेडायची, उरलेल्या तीन तर्जनीने. एवढेच शिकायचे, असे मला वाटले होते. पहिल्या आठवड्यातच तर्जनीला फोड आला. मला मधुमेह आहे. बोटांची संवेदना थोडी मंदावलेली असल्याने तो फोड मला दिसला, दुखला मात्र नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सरावानंतर बोटांची टोके उजेडात पाहावीत आणि सुरुवातीला पाच मिनिटांहून अधिक बसू नये.

दिवाळीला पुण्याहून नातू आला. तो विजेवरचा उभा बेस वाजवतो. मूळचा डबल बेस माणसाहून उंच, मोठ्या पोटाचा. याने पोट टाकून दिले आहे, उरला आहे तो दांडा, चार तारा आणि तारांचे कंपन स्पीकरपर्यंत नेणारी वायर. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते. काळी एकला जुळवलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69. म्हणजे आम्ही दोघे तळघरातलेच रहिवासी. त्याने माझे छेडणे पाहिले आणि म्हणाला, ‘‘आजी, बोटानं ओढू नकोस. हात नुसता सोड, वजनानं तार वाजते.’’ बोटाची कड तारेवर टेकवून हात सैल सोडायचा, ही त्याची युक्ती मला लागू पडली. फोड आले नाहीत आणि संधिवाताने धरलेले मनगटही दुखेनासे झाले.

गुडघ्यांमुळे मांडी घालून बसणे जमत नाही, म्हणून मी खुर्चीत बसते आणि तंबोरा पलंगावर दुमडलेल्या चादरीवर आडवा ठेवते. जाणकार नाक मुरडतील, मुरडोत. खुंटी पिळताना मात्र तोंड दूर ठेवा. एकदा पोलादी तार तुटून माझ्या हाताला लागली आहे.

ऐकू कमी येते म्हणून अनेक जण वाद्याच्या वाटेला जात नाहीत. म्हातारपणात प्रायः उंच स्वर आधी जातात. चिमण्या, नातवंडांचे बोलणे, ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक. खालचे स्वर बराच काळ राहतात, आणि खर्ज तर भोपळ्यावर ठेवलेल्या तळव्यालाही जाणवतो. श्रवणयंत्र बोलणे ऐकण्यासाठी बसवलेले असते, त्यातून वाद्य कधी कर्कश वाटते. तसे झाल्यास तपासणाऱ्यांना सांगा. काही यंत्रांत संगीतासाठी निराळी सोय असते.

आषाढात एका संध्याकाळी मी वाजवत होते. यजमान नेहमीप्रमाणे येरझारा घालत होते. दिवेलागणीला त्यांची तगमग वाढते. ते थांबले, पलंगाच्या कडेला बसले, ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘खर्ज उतरलाय.’’

तो खरोखरच उतरला होता. मला ते कळले नव्हते. मी मणी सरकवला, त्यांनी मान हलवली आणि मग एक अभंग पूर्ण म्हटला, तीन कडवी, एकही शब्द न चुकता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माझे नाव विचारले.

हा उपचार नव्हे, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे आणि मीही तुम्हांला तसेच सांगते. गाणी पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात, एवढाच त्याचा अर्थ. ‘हा अभंग कोणाचा, सांगा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नका. ते उठून गेले तर वाजवणे थांबवा. मी पहिले काही दिवस त्यांच्या मागोमाग विचारत राहिले, आणि त्यांनी आठ दिवस त्या खोलीत पाऊल टाकले नाही.

आता रोज साडेपाचला आम्ही बसतो. पंचम आणि जोड मी नीट जुळवते. खर्जाची तार मुद्दाम किंचित उतरवून ठेवते आणि वाट पाहते. कधी त्यांना ते कळते, कधी कळत नाही.