समुद्राचे पहिले धडे

‘चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्रास भरती येते’ हे वाक्य आमच्या प्राथमिक शाळांतील मुले बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु आज भरती किती वाजता, असे विचारले की किनाऱ्यावर वाढलेले मूलही गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागते. यास विद्या म्हणावे की पाठांतर, हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, व पुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब अडाण्याचा नव्हे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच लांबते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण. अष्टमीस ती काटकोनात असते, म्हणून भांग. कोळ्यापाशी हिशेब आहे, पुस्तकात कारण आहे; या दोहोंची गाठ घालून देणे हेच शिक्षकाचे काम होय.

‘इतक्या कोवळ्या वयात हे कशास?’ असे कोणी म्हणतील. त्यांस २६ डिसेंबर २००४ या दिवसाने उत्तर दिलेले आहे. त्या दिवशीच्या त्सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसे मेली. ओसरलेला समुद्र पाहून कित्येक लोक कुतूहलाने पुढेच गेले. पण थायलंडातील फुकेत बेटावर एका दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने पाण्याची ती विपरीत चाल ओळखली. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती तिने शिकली होती. तिच्या सांगण्यावरून त्या पुळणीवरील सुमारे शंभर माणसे वेळीच मागे हटली व वाचली. एका तासाच्या शिकवणीचे याहून मोठे फळ कोणते?

खर्चाची सबबही टिकणारी नाही. एक लिटर समुद्राचे पाणी आटवा. सुमारे ३५ ग्रॅम क्षार हाती येतील. एका भांड्यात वाळू व दुसऱ्यात पाणी घालून दोन्ही उन्हात ठेवा. वाळू लवकर तापेल, पाणी सावकाश. ज्या पावसावर आमच्या पेठांचा वर्षाचा व्यवहार अवलंबून, तो आणणारे वारे समुद्राकडून जमिनीकडे का वळतात, याचे बीज या दोन भांड्यांत आहे.

तेव्हा किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने मुलांस एकदा पौर्णिमेस व एकदा अष्टमीस भरतीची खूण पाहण्यास न्यावे, आणि वाचकांनी आपापल्या शाळा-समित्यांपुढे ही मागणी मांडावी. समुद्र दाराशी असून तो केवळ पुस्तकात शिकविणे, ही आम्हांस भूषणावह गोष्ट नव्हे.