फुटबॉलच्या जिवावर तगू पाहणारी विद्यापीठे

कॉव्हेंट्री : या शहराचा फुटबॉल संघ १८८३ मध्ये सिंगर सायकल कारखान्यातील कामगारांनी उभा केला. शेजारच्या बर्मिंगहॅममधील ॲस्टन व्हिला हा संघ १८७४ मध्ये एका वेस्लियन प्रार्थनामंदिरातील तरुणांनी काढला. चर्च आणि कारखान्याच्या अंगणात वाढलेला हा खेळ इंग्लंडमध्ये पुढे व्यावसायिक क्लबांकडे गेला. विद्यापीठांच्या जमाखर्चाशी त्याचा फारसा संबंध उरला नाही. अमेरिकेत मात्र फुटबॉल, म्हणजे तेथील लंबगोल चेंडूचा खेळ, महाविद्यालयांच्याच आवारात रुजला. आज अनेक छोटी ख्रिस्ती विद्यापीठे त्याकडे तगून राहण्याचे साधन म्हणून पाहत आहेत. मुलांना तिकडे पाठवू इच्छिणाऱ्या येथील मराठी पालकांनी हे गणित समजून घेणे अगत्याचे आहे.

मिशिगन राज्यातील कॅल्विन विद्यापीठ पाहा. रिफॉर्म्ड पंथाची ही संस्था १८७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या फुटबॉल संघाचा पहिला अधिकृत हंगाम मात्र २०२४ मध्ये झाला. हा संघ ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. म्हणजे खेळाडू इतर सवलती वजा जाता शुल्क भरूनच शिकतो. संघात शंभर खेळाडू आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षाला निव्वळ वीस हजार डॉलर मिळतात असे धरले, तर वीस लाख डॉलर जमा होतात. तिकीटविक्रीपेक्षा हाच आकडा महत्त्वाचा. येथे प्रशिक्षक हा प्रत्यक्षात प्रवेश विभागाचा फिरता प्रतिनिधी असतो.

या धडपडीमागे लोकसंख्येचा रेटा आहे. अमेरिकेतील जन्मसंख्येने २००७ मध्ये उच्चांक गाठला आणि त्यानंतर ती घसरत गेली. ती मुले आता अठरा वर्षांची झाली. यापुढच्या तुकड्या एकंदरीत लहान होत जाणार. त्यातच पदवीवर्गात मुलींचे प्रमाण मुलग्यांहून बरेच अधिक आहे. मुलगे हवेत, तर फुटबॉल हवा, असा हिशेब मांडला जातो.

तो खरा ठरतो का? जॉर्जिया विद्यापीठातील वेल्च सग्ज आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संघ सुरू झाल्यावर प्रवेश प्रारंभी वाढतात, पण ती वाढ टिकत नाही, असे आढळले. मैदान, विमा, प्रशिक्षक, प्रवास यांचा खर्च मात्र कायमचा मागे लागतो.

दोन उदाहरणे बोलकी आहेत. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या मेथडिस्ट परंपरेतील आयोवा वेस्लियनमध्ये हॅल मम आणि माइक लीच यांनी १९८९ नंतरच्या काळात ‘एअर रेड’ या आक्रमणशैलीची पायाभरणी केली. साऱ्या देशाने ती शैली उचलली. विद्यापीठ मात्र २०२३ मध्ये बंद झाले. दक्षिण कॅरोलिनातील लाइमस्टोन या ख्रिस्ती विद्यापीठाने २०१४ मध्ये फुटबॉल सुरू केला आणि २०२५ मध्ये दारे लावून घेतली. फुटबॉलमुळे ती बुडाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्ज आणि घटते प्रवेश यांपुढे फुटबॉलही त्यांना तारू शकला नाही, एवढेच.

महाराष्ट्रातही मिशनऱ्यांनी काढलेल्या महाविद्यालयांत क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो, पण तो प्रामुख्याने नावलौकिकासाठी. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो. अमेरिकेतील छोट्या खासगी विद्यापीठाला तो आधार नाही. ते अचानक बंद पडले, तर स्थानिक विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसाही टांगणीला लागतो, कारण त्याला मुदतीत दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत नाव हलवावे लागते.

म्हणून माहितीपत्रकावरील हिरव्यागार मैदानाने भुलून जाऊ नये. प्रवेशसंख्येचा पाच वर्षांचा कल काय, कर्ज किती, राखीव निधी किती, अधिस्वीकृती संस्थेने काही इशारा दिला आहे काय, हे आधी विचारावे. श्रद्धेवर उभ्या राहिलेल्या संस्थेलाही ताळेबंद चुकत नाही.